खरारा : स्नेहाचा हात आणि गोचिडींची मोजदाद

एक गाय दुसरीला चाटते तेव्हा तिचा रोख बहुधा डोके, मान आणि खांदा या भागांकडे असतो. स्वतःची जीभ जेथे सहज पोहोचत नाही, त्याच या जागा. चाटून घेणारी गाय मान पुढे ताणते, कान सैल सोडते, डोळे अर्धवट मिटते. हा व्यवहार केवळ स्वच्छतेचा नव्हे. एकत्र वाढलेल्या, परस्परांशी सलगी असलेल्या गायी एकमेकींना अधिक चाटतात. पशुपालक मानेखालच्या पोळीवरून सावकाश हात फिरवतो तेव्हा तो नकळत याच भाषेत बोलत असतो आणि गायही मान ताणूनच त्याला उत्तर देते. घोड्यांमध्ये ही गोष्ट मोजूनही पाहिली गेली आहे. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवर झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घोडे एकमेकांना जेथे खाजवतात त्या मानेच्या बुडाशी माणसाने खाजवल्यास हृदयाचे ठोके मंदावतात, असे दिसून आले. शरीराच्या दुसऱ्या भागावर खाजवले असता तसा परिणाम आढळला नाही. हात कोठे फिरतो, याला महत्त्व आहे ते असे.

या शांतपणाचा दुधाशी थेट संबंध आहे. कासेला स्पर्श झाला की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरते, ते कासेतील दुग्धपेशींभोवतीच्या सूक्ष्म स्नायूंना आकुंचित करते आणि पान्हा सुटतो. स्पर्शापासून पान्ह्यापर्यंत साधारण एक ते दीड मिनिट लागते आणि त्याचा प्रभाव काही मिनिटेच टिकतो. जनावर बिथरले, त्याला मार बसला किंवा अनोळखी माणूस एकदम मागून आला, तर ॲड्रेनॅलिन हे काम अडवते. गायीपेक्षा म्हशीला हे अधिक लागू पडते, कारण म्हशीच्या कासेतील बहुतांश दूध वरच्या दुग्धकोषांतच असते. पान्हा न घालता सहज निघेल असे दूध फारच थोडे. पान्हा चोरणाऱ्या म्हशीला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचण्याची वाईट सवय देशातील अनेक गोठ्यांत रुजली आहे. प्राण्यांच्या क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार दूध वाढवण्यासाठी असे टोचणे हा गुन्हा आहे. मुळात ज्या म्हशीला धार काढणाऱ्या हाताची भीती वाटत नाही, तिला सुईची गरज सहसा पडत नाही.

हा विश्वास पहिल्या वेतापूर्वीच मिळवावा लागतो. गाभण कालवडीला शेवटच्या दोन महिन्यांत रोज काही मिनिटे मान, पाठ, मांड्या आणि अखेरीस कास या क्रमाने हात लावण्याची सवय केली, तर व्याल्यानंतर लाथा, दावे ओढणे आणि पायांना भाला बांधणे हे प्रसंग पुष्कळ कमी होतात. ब्रिटनमधील दूध उत्पादकांच्या २००९ मधील एका पाहणीत, ज्यांनी आपण गायींना नावाने हाक मारतो असे सांगितले, त्यांच्या गायींचे वार्षिक दूध २५८ लिटरने अधिक होते. या आकड्याची वृत्तपत्रांतून बरीच गंमत झाली. नावामुळे दूध वाढते, असा त्याचा अर्थ अर्थातच नाही. नाव ठेवणारा माणूस जनावराकडे वेगळ्या नजरेने पाहतो, एवढेच त्यातून घ्यावे.

खराऱ्याचा दुसरा लाभ कीटकशास्त्राच्या अंगाने पाहिल्यास पहिल्याइतकाच मोठा आहे. भारतातील गायीम्हशींवर सर्वत्र आढळणारी ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस ही गोचीड एकाच जनावरावर आपले जीवन काढते. गवताच्या टोकावर वाट पाहणारे, सहा पायांचे, मोहरीहूनही लहान पिल्लू जनावराच्या अंगावर चढते आणि सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण वाढलेली मादी तयार होते. यांतील बहुतेक काळ ती डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. शेवटच्या एका रात्रीत मात्र ती भराभर रक्त पिऊन फुगते, पहाटेपासून सकाळच्या पहिल्या काही तासांत गळून पडते आणि गोठ्याच्या भेगेत किंवा शेणाखाली दोन ते चार हजार अंडी घालून मरते. पूर्ण फुगलेली मादी एरंडाच्या बीसारखी दिसते. एरंडाचे शास्त्रीय नाव रिसिनस, आणि लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी गोचीड असा आहे. प्राचीन रोमन लोकांनाही हे साम्य जाणवले होते.

यावरून खराऱ्याच्या वेळेचा प्रश्न सुटतो. सकाळी खरारा करणाऱ्याच्या हाती फुगलेल्या माद्या फारशा लागत नाहीत. त्या गळून गेलेल्या असतात. सायंकाळी, धारेच्या किमान अर्धा तास आधी खरारा केला, तर त्या रात्री फुगणार असलेल्या मुगाच्या दाण्याएवढ्या माद्या बोटांना लागतात. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये हीच गोष्ट मोजणीसाठी वापरली. साडेचार ते आठ मिलीमीटर लांबीच्या माद्या जनावराच्या एकाच बाजूवर मोजायच्या आणि संख्या दुप्पट करायची. दुसऱ्या दिवशी किती गळतील याचा तो अंदाज. कृषी व पशुधन विस्तार कार्यकर्त्यांनी ही रीत गोठ्यात जरूर शिकवावी. वहीत आठवड्यातून एकदा लिहिलेला असा आकडा, ‘यंदा गोचीड फार आहे’ या वाक्यापेक्षा कितीतरी उपयोगी ठरतो. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन या औषधांना दाद न देणाऱ्या गोचिडी देशाच्या अनेक भागांत आढळल्या आहेत. औषध लागू पडले की नाही, हे फवारणीपूर्वीचा आणि नंतरचा आकडा जवळ असल्याशिवाय कळणार कसे?

हाताने शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. कानाच्या आतील बाजू, मानेची पोळी, पुढच्या पायांच्या बगला, कास आणि मांडी यांमधील घडी, शेपटीचे बूड. संकरित गायींमध्ये थायलेरियाचा घातक ताप पसरवणारी हायलोमा गोचीड बऱ्याचदा कासेभोवती आणि मायांगाजवळ चिकटलेली सापडते. ती आपल्या आयुष्याचा काही भाग भिंतींच्या भेगांत काढते, त्यामुळे जनावर कितीही घासले तरी भेगा लिंपल्याशिवाय तिचा बंदोबस्त होत नाही. देशी गायींचे आखूड, तुळतुळीत केस, झटकन थरथरणारी कातडी आणि सतत चाटण्याची सवय यांचा त्यांना स्वाभाविक लाभ होतो. अखूड दाव्याला दिवसभर बांधलेली गाय मात्र स्वतःला चाटूही शकत नाही. अशा गायीला खरारा करणे म्हणजे तिचे हिरावून घेतलेले काम तिच्यासाठी करणे होय.

हात कसा फिरवावा

जनावराच्या थेट मागे त्याला दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावे आणि पहिला हात मानेवर ठेवावा. रबरी खराऱ्याने गोल फिरवत मळ सैल करावा, मग काथ्याच्या किंवा मऊ ब्रशने केसांच्या दिशेने तो झाडावा. लोखंडी खरारा चेहरा, पाय, माकडहाड आणि कास यांवर वापरू नये. एका जनावराला सात-आठ मिनिटे पुरतात. म्हशीच्या अंगावर केस विरळ असल्याने आधी पाणी, मग घासणे हे बरे. हरियाणात मुऱ्हा म्हशींना मोहरीचे तेल चोळण्याचा प्रघात आहे, त्याने कातडी मऊ राहते, परंतु तेल म्हणजे गोचिडीचे औषध नव्हे. जळके इंजिन ऑइल किंवा रॉकेल अंगाला फासणे तर सर्वस्वी वर्ज्य. त्याने कातडी भाजते.

महाराष्ट्रात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद आणि लोणी किंवा तूप लावून मळतात, त्याला खांदेमळणी म्हणतात. वर्षभर जू ओढणाऱ्या खांद्याला एकच दिवस हा सन्मान मिळावा, हे अपुरे वाटते. नांगरणीच्या हंगामात रोज जू उतरल्यावर खांद्यावरून तळहात फिरवला, तर खांदेसूज सुरुवातीलाच कळते. सूज गरम आणि दुखरी असेल तर मात्र ती मळू नये. बैलाला कामातून मोकळे करून पशुवैद्यकाला दाखवावे.

रोजच्या हाताला आणखी बरेच काही आधी कळते. शेपटीखालील किंवा नाळेजवळची लहानशी ओलसर जखम आज दुर्लक्षिली, तर क्रायसोमिया माशीने तिच्या कडेला घातलेली अंडी एका दिवसात उबतात आणि अळ्या जिवंत मांसात शिरतात. गोचीड उपटल्याने झालेले भोकही या माशीला पुरते. २०१९ मध्ये ओडिशात प्रथम आढळलेल्या आणि २०२२ मध्ये देशभर हाहाकार माजवणाऱ्या लम्पी त्वचारोगाच्या गाठी अनेकदा नजरेआधी बोटांना लागतात. आजारी जनावराचा खरारा मात्र वेगळा ठेवावा. गजकर्ण आणि खरूज ब्रशबरोबर दावणीभर फिरतात, आणि माणसालाही होतात.

एक धोका

गोचीड बोटांनी चिरडण्याची सवय सोडावीच लागेल. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबादजवळ क्रिमियन-कांगो रक्तस्रावी ताप भारतात प्रथमच निश्चितपणे आढळला. त्याचा विषाणू प्रामुख्याने हायलोमा गोचिडींत असतो आणि चिरडलेल्या गोचिडीच्या रसातून, तसेच बाधित जनावराच्या रक्तातून तो माणसात शिरू शकतो. जनावर मात्र आजारी दिसत नाही. त्यामुळे हातात रबरी मोजे घालावेत, चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ, संथपणे ओढावी आणि स्पिरिट किंवा रॉकेल असलेल्या झाकणाच्या बाटलीत टाकावी. उपटून गोठ्यातच फेकलेली फुगलेली मादी तेथेच अंडी घालते. कर्नाटकाच्या शिवमोग्यात १९५७ मध्ये ओळखला गेलेला क्यासनूर जंगल ताप आता सिंधुदुर्ग आणि गोव्यातही पोहोचला आहे. तेथील जंगलात चरून आलेल्या जनावरांना घासणाऱ्याने पूर्ण बाह्या घालाव्यात आणि काम झाल्यावर स्वतःचे अंगही तपासावे.

राखणीच्या कुत्र्याचा विसर पडू नये. त्याच्यावरची तपकिरी गोचीड वेगळ्या जातीची असते, ती भिंतीवर चढून फटींत लपते आणि एर्लिकियाचा ताप आणते. त्याच्या कानांत आणि पायांच्या बोटांमध्ये रोज पाहावे. हनुवटीखाली आणि छातीवर हात फिरवला, की तो बहुधा स्वतःच आडवा होऊन पोट दाखवतो, आणि तपासणी सोपी होते.