प्रकाशाची मोजपट्टी

गेल्या महिन्यात कपाटांची मापं घ्यायला सुतार घरी आला. त्यानं खिशातून मोबाइलएवढं एक यंत्र काढलं, भिंतीला टेकवलं आणि बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटला, पडद्यावर आकडा आला. मीही हौसेनं यंत्र हातात घेतलं. माझ्या मोजणीत मात्र बैठकीची खोली एकदम तीन मीटरनं वाढली! चूक यंत्राची की माझी?

हे कळायला यंत्र नेमकं काय मोजतं ते पाहू. डोंगरकड्यासमोर आपण हाक मारली आणि दोन सेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर कडा साधारण ३४० मीटरवर आहे असं समजावं. कारण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि दोन सेकंदांत जाऊन परत आलेला असतो. लेसरचं यंत्र हेच करतं. फक्त हाक प्रकाशाची असते.

अंतर मोठं असलं की हे काम सोपं. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११च्या अंतराळवीरांनी चंद्रावर खास परावर्तक ठेवला. आलेला प्रकाश आल्या दिशेनंच परत पाठवायचा, एवढंच त्याचं काम. पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा झोत तिथं जाऊन यायला सुमारे अडीच सेकंद लागतात. अशा मोजण्यांतूनच चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरनं आपल्यापासून दूर जातोय, हे समजलं. आपल्या चांद्रयान-३च्या विक्रम लँडरवरही नासाचा असाच एक छोटा परावर्तक आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानानं सोडलेला लेसर त्यावरून परतला.

खरी पंचाईत होते ती घरातल्या खोलीची. सेकंदाच्या एक अब्जांश भागात प्रकाश तीस सेंटिमीटर जातो. एका मिलिमीटरचा फरक ओळखायचा, तर त्या अब्जांशाचाही दीडशेवा भाग मोजावा लागेल. एवढ्या सूक्ष्म वेळेचं घड्याळ खिशातल्या यंत्रात बसवणं अवघड. म्हणून अशी बरीच यंत्रं वेगळी युक्ती करतात. लेसरची तीव्रता ठरावीक लयीत कमीजास्त करायची आणि परतलेली लय मूळ लयीच्या किती मागे पडली, ते पाहायचं. समजा, ही लय सेकंदाला एक कोटी वेळा होते आणि परतलेला प्रकाश एकतृतीयांश आवर्तन मागे आहे. मग भिंत पाच मीटरवर.

पण ती वीस मीटरवर असली, तरी पूर्ण एक आवर्तन जाऊन पुन्हा तेवढाच फरक दिसेल. नुसत्या मिनिटकाट्यावरून वाजले किती ते कळत नाही, तासकाटाही लागतो, तसंच हे. म्हणून यंत्र वेगवेगळ्या लयी वापरतं.

आता माझी वाढलेली खोली. मी लेसर तिरपा धरला होता आणि तो भिंतीवरच्या आरशावर पडला होता. आरशातून वळून तो दुसऱ्या भिंतीवर गेला आणि त्याच वाटेनं परतला. यंत्रानं प्रकाशाचा सगळा प्रवास चोख मोजला. तो खोलीच्या लांबीचा आहे, हे मी गृहीत धरलं होतं. सुतारानं आरशावर कोरा कागद चिकटवला, यंत्र सरळ धरलं आणि आकडा जागेवर आला.

घराची किंमत जिथं चौरस फुटांवर ठरते, तिथं ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आकडा वाचण्याआधी लाल ठिपका नेमका कुठं पडलाय, ते पाहावं.