रेंज नसलेल्या यंत्राचा परवाना

वजनकाटे, पंपाचे नियंत्रक, फवारणीचे ड्रोन, दवाखान्यातली तपासणी यंत्रे ही सगळी आता सॉफ्टवेअरवर चालतात, आणि सॉफ्टवेअर आले की परवाना आला. शहरातला संगणक आपला परवाना कंपनीच्या सर्व्हरला विचारून तपासतो. घाटात, खाणीत, भर समुद्रात किंवा सुरक्षेसाठी मुद्दाम नेटपासून तोडलेल्या कारखान्यात विचारायला कुणी नसते. अशा वेळी काही उत्पादक सोपी वाट धरतात : संपर्क झाला नाही की यंत्र बंद. हा पैसे भरलेल्या ग्राहकावर उघड अन्याय आहे, आणि त्याची तांत्रिक गरजही नाही.

सही यंत्रातच तपासता येते

कंपनी एक छोटी फाईल तयार करते. यंत्र कोणते, कोणत्या सुविधा चालू, कधीपर्यंत, एवढाच तिच्यातला मजकूर. त्यावर ती आपल्या खासगी किल्लीने डिजिटल सही करते. जोडीची सार्वजनिक किल्ली यंत्रात कारखान्यातच भरलेली असते. या किल्लीने सही खरी की खोटी ते कळते, पण नवी सही करता येत नाही. फाईलमधला एक अंक बदलला तरी सही जुळत नाही. एसटीचा कंडक्टर पासवरचा शिक्का पाहतो, आगाराला फोन लावत नाही. इथेही तेच घडते.

हे गणित नवे नाही, आरएसए पद्धत १९७७ सालची आहे. आज प्रचारात असलेल्या एड२५५१९ पद्धतीची सही अवघी ६४ बाइटची असते. म्हणजे अख्खा परवाना एका क्यूआर कोडात मावतो आणि तंत्रज्ञाच्या मोबाइलवरून, पेनड्राइव्हवरून किंवा छापील कागदावरूनही यंत्रापर्यंत पोचतो. मात्र सगळ्या यंत्रांत एकच गुप्त किल्ली दडवून ठेवण्याचा मोह टाळायलाच हवा. एक यंत्र कुणी खोलले की सगळ्यांचे कुलूप उघडते.

परवाना कोणत्या यंत्राचा?

फाईलची नक्कल कुणीही करेल, म्हणून ती एका यंत्राशी बांधावी लागते. विंडोज एक्सपीने २००१ मध्ये संगणकाच्या सुट्या भागांवरून एक खूण बनवली होती. नेट नसेल तर पडद्यावरचे आकडे फोनवर सांगायचे आणि पलीकडून मिळालेले आकडे टाइप करायचे. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरमध्येही इंटरनेट नसलेल्या संगणकावर विनंतीची फाईल बनवून, दुसऱ्या संगणकावरून मंजुरी आणण्याची सोय आहे. आता अनेक यंत्रांत किल्ली बाहेर न सोडणारी सुरक्षित चिप असते, तिच्याशी परवाना बांधणे अधिक भरवशाचे. पण बोर्ड जळाला की चिपही जाते. त्यामुळे परवाना दुसऱ्या बोर्डावर कसा हलवायचा, हे विक्रीच्या आधीच ठरलेले असावे.

खरी कसोटी घड्याळाची

सही तपासायला नेट लागत नाही, पण मुदत तपासायला आजची तारीख लागते. नेट नसलेल्या यंत्राला ती स्वतःच्या घड्याळावरूनच कळते, आणि तारीख मागे नेणे कुणालाही जमते. उपाय म्हणून यंत्र शेवटची पाहिलेली वेळ नोंदवून ठेवते. घड्याळ तिच्या मागे गेले की संशय घ्यायचा. ही नोंद साध्या फाईलमध्ये असेल तर जुनी प्रत परत टाकून ती पुसता येते. म्हणून ती टीपीएम नावाच्या सुरक्षित चिपमधल्या, फक्त पुढेच जाणाऱ्या गणकाला बांधतात.

तरीही मागे गेलेले घड्याळ म्हणजे लबाडीच, असे धरू नये. बोर्डावरची बटणासारखी बॅटरी संपली की कित्येक यंत्रे थेट १ जानेवारी १९७० गाठतात. उपग्रहावरून वेळ घ्यावी, तर तिथेही खाचखळगे आहेत. जीपीएसच्या जुन्या संदेशात आठवडे १०२४ पर्यंतच मोजले जातात. ६ एप्रिल २०१९ रोजी हा आकडा पुन्हा शून्यावर आला आणि सुधारणा न केलेले काही जीपीएस रिसीव्हर जवळजवळ वीस वर्षे मागे गेले.

ऊसतोडणी किंवा मळणीच्या यंत्राला तर तारखेऐवजी चालू तास मोजणेच योग्य. हंगामाबाहेर शेडमध्ये उभ्या असलेल्या यंत्राचे भाडे शेतकऱ्याने का भरावे?

दक्षिण आफ्रिकेतले वीस अंक

नेटशिवाय हक्क पोचवण्याचा एक मोठा प्रयोग विजेच्या मीटरवर झाला. दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात एसटीएस नावाची प्रीपेड पद्धत आली. दुकानात पैसे भरले की पावतीवर वीस अंक मिळतात. ते मीटरच्या बटणांवर दाबले की युनिट जमा होतात. मीटर कोणत्याही नेटवर्कला जोडलेला नसतो. त्या अंकांत युनिटांचा आकडा आणि टोकन काढल्याची वेळ सांकेतिक रूपात असते, आणि प्रत्येक मीटरची किल्ली निराळी असते. त्यामुळे शेजाऱ्याचे टोकन आपल्या मीटरला चालत नाही. वापरलेल्या टोकनांच्या वेळा मीटर लक्षात ठेवतो, म्हणून तेच टोकन दुसऱ्यांदाही चालत नाही.

अडचण पुन्हा वेळेचीच निघाली. १ जानेवारी १९९३ पासूनची मिनिटे मोजायला २४ बिट ठेवले होते. त्यात १,६७,७७,२१६ मिनिटे मावतात, म्हणजे बत्तीस वर्षांना जरा कमी. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी ती संपणार होती आणि त्यानंतरचे प्रत्येक टोकन जुन्या मीटरला शिळे वाटणार होते. दुरून दुरुस्ती करायला तारच नव्हती. मग ग्राहकांना वीस-वीस अंकांची दोन खास टोकने दिली गेली. ती दाबली की मीटरची किल्ली बदलते आणि मोजणी नव्या तारखेपासून सुरू होते. घरोघरचे मीटर असे माणसांच्या बोटांनी सुधारले गेले. परवाना नूतनीकरणाबरोबर किल्ली बदलायची वाटही पहिल्या दिवसापासून यंत्रात हवी, ती यासाठी.

मुदत संपते तेव्हा

दूध संकलन केंद्राचे उदाहरण घ्या. सकाळी रांग लागते, कॅन काट्यावर चढते, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घनपदार्थ) उमटते, पावती निघते. नेमके त्याच वेळी ‘परवाना संपला’ अशी पाटी पडद्यावर आली, तर केंद्राच्या सचिवाने काय करायचे? दूध थांबत नाही, नासते.

म्हणून मुदत लांब आणि नूतनीकरणाचे प्रयत्न वारंवार, हे प्रमाण महत्त्वाचे. मायक्रोसॉफ्टच्या केएमएस पद्धतीत संस्थेच्या संगणकाला १८० दिवसांची मुदत मिळते आणि तो दर सात दिवसांनी ती वाढवून घेतो. वीस-बावीस वेळा संपर्क हुकला तरी काम अडत नाही. मुदत टळलीच तर आधी महिनाभर पावतीच्या तळाशी सूचना, मग अहवालासारख्या जादा सुविधा बंद, आणि वजन-फॅट-पावती शेवटपर्यंत चालू, असा क्रम हवा. जुना हिशेब बाहेर काढण्याची सोय तर कधीच बंद करू नये. तो हिशेब शेतकऱ्यांचा आहे.

दिलेला परवाना परत घेताना

इथे मात्र नेट नसल्याची किंमत मोजावी लागते. चोरीला गेलेल्या यंत्राचा परवाना रद्द केला, तरी ते यंत्राला कळणार कसे? तंत्रज्ञ भेटीला येतो तेव्हा रद्द परवान्यांची सही केलेली यादी मोबाइलवरून आसपासच्या यंत्रांत भरता येते. बाकी उपाय मुदतीचाच. ती नव्वद दिवसांची ठेवली तर चोराच्या हातातला परवाना फार तर नव्वद दिवस टिकेल. सात दिवसांची केली तर चोराचे तेवढे फावणार नाही, पण पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता आणि रेंज दोन्ही गेलेल्या गावातल्या प्रामाणिक ग्राहकांचा परवानाही आठव्या दिवशी संपलेला असेल. मी नव्वद निवडेन.