खाल्ल्या मिठाला न जागणारे गवत

ज्या गवताच्या एकवीस जुड्या आपण भाद्रपदात गणपतीला भक्तिभावाने वाहतो, तेच गवत शेतात दिसताच शेतकरी कुदळ घेऊन त्याच्या मुळावर का उठतो, या कोड्याने मला पंचवीस वर्षांपूर्वी पछाडले आणि क्षारपड जमिनीतील वैरणीचा नाद मला लागला तो त्याच पायी. देवघरात दूर्वा, रानात हरळी. वनस्पती एकच, मानमरातब मात्र दोन टोकांचे. माझी नोकरी पाटबंधारे खात्यातली, म्हणजे पाणीपाळी लावायची, पाणीपट्टीचे हिशेब तपासायचे आणि तक्रारअर्जांवर शेरे मारायचे; गवताशी संबंध येण्याचे वस्तुतः काहीच कारण नव्हते.

तो आला नीरा डाव्या कालव्यावर. माघ सरत आला होता आणि पाणी पुरत नाही अशी टेलकडील एका वृद्ध खातेदाराची तक्रार होती, म्हणून पाहणीस गेलो. रानात पाऊल टाकताच वरची पांढरी पापडी चुरचुरली. उसाचे कोंब जागच्या जागी करपले होते आणि वरंब्यांच्या माथ्यावर पिठी सांडावी तसा क्षार फुटला होता. हिरवे असे काय ते बांधालगत पसरलेले हरळीचे अंथरूण, आणि त्यात मान खाली घालून चरणाऱ्या दोन म्हशी. "आबा, ही हरळी काढत का नाही?" मी विचारले. "रावसाहेब, काढून काढून माझा बा गेला," म्हातारा म्हणाला, "आता हिच्याच जिवावर दूध निघतंय. जरा पान जिभेला लावून बघा." मी लावले. पान खारट होते. एके काळी पाणी अतोनात झाले म्हणून वर आलेले क्षार आता पाणी अपुरे पडते म्हणून खाली जात नव्हते, एवढे त्या रानाचे दुखणे होते; पण माझे लक्ष तक्रारीवरून उडाले ते उडालेच.

हे दुखणे नवे नाही. हा कालवा 1885 चा. आणि पाव शतक उलटते न उलटते तोच, 1910 साली, नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींविषयी हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांची पुस्तिका मुंबई इलाख्याच्या कृषिखात्याने काढली. मान हे पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य. पुढे 1917 मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्यातील जमीन आणि मजुरी यांची त्यांनी घरटी पाहणी प्रसिद्ध केली. आज त्या गावी गेलात तर गगनचुंबी इमारतींशिवाय काही दिसणार नाही, आणि तेथल्या रहिवाशांपैकी कितीजणांना आपल्या वाहनतळाखालच्या बागायतीची एकेकाळी नोंद झाली होती हे ठाऊक असेल, देव जाणे. असो, विषय वैरणीचा.

शास्त्राची शिदोरी थोडक्यात उरकतो. विरघळणारे क्षार वाढले की जमीन क्षारयुक्त, मातीच्या कणांना सोडियम चिकटला की ती चोपण. पहिलीला निचरा आणि धुलाई लागते, दुसरीला त्याआधी जिप्सम. क्षारतेचे माप म्हणजे मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता, आणि ती मीटरला 4 डेसिसिमेनच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त म्हणायची. बाकीचे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल.

मला रस आहे तो मास आणि हॉफमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1977 मध्ये मांडलेल्या आणि पुढे भर पडत गेलेल्या कोष्टकात, कारण त्यात हरळीची अब्रू आकड्यांनी सिद्ध होते. चाऱ्याचा मका 1.8 डेसिसिमेनलाच कुरकुरू लागतो आणि लसूणघास 2 ला, ज्वारी 6.8 पर्यंत तग धरते आणि हरळी 6.9 पर्यंत. ज्वारी आणि हरळी शेजारीशेजारी उभ्या दिसतात खऱ्या, परंतु खरी परीक्षा उंबरठ्यापलीकडे आहे: त्यापुढे दर डेसिसिमेनमागे ज्वारीचे धान्य 16 टक्क्यांनी घटते आणि हरळीची वाढ अवघ्या 6.4 टक्क्यांनी. याचा अर्थ 10 डेसिसिमेनच्या रानात ज्वारी निम्म्यावर येते आणि हरळी पाचवा हिस्सा गमावून बाकीचे चार हिस्से देते.

हे तिला कसे साधते? आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणे हा सद्गुण आहे. हरळीचा सगळा पराक्रम मात्र न जागण्यात आहे. तिच्या पानावर दोन-दोन पेशींच्या अतिसूक्ष्म ग्रंथी असतात आणि मुळांवाटे आत आलेला क्षार त्या ग्रंथी पानाबाहेर टाकतात. हाच गुण तिच्या भाऊबंदांत, ऱ्होड्स गवतात आणि कर्नाल गवतात, अधिक ठळक आढळतो. ज्या कर्नालात 1969 पासून केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था आहे, तेथे मी मुद्दाम सुट्टी काढून गेलो होतो, आणि दुपारच्या उन्हात भिंगाखाली त्या गवताचे पान धरले तेव्हा त्यावर साखरेच्या रव्यासारखे स्फटिक चमकताना पाहून मला जो आनंद झाला तो बढतीचा हुकूम हाती पडल्यावरही झाला नव्हता. पहाटे दवात हे स्फटिक विरघळतात आणि पानाच्या टोकाशी खारट थेंब लोंबतो.

यावरून कुणी असा समज करून घेऊ नये की गवत कापून नेले म्हणजे जमिनीतले मीठ संपले. लिटरला एक ग्रॅम क्षार असलेले पाणी हेक्टरी 10 सेंटिमीटर दिले की त्याबरोबर एक टन मीठ रानात येते. वैरणीच्या भाऱ्यांतून बाहेर जाते ते या मानाने किरकोळ. गवताचा उपकार वेगळाच आहे. त्याची मुळे घट्ट माती फोडतात, त्या वाटांनी पावसाचे पाणी खाली उतरते. शिवाय मुळांच्या श्वासातून निघणारा कर्बवायू आपल्या काळ्या जमिनीतील चुनखडी विरघळवतो, आणि त्यातून सुटलेले कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला हुसकावून लावते. म्हणजे चोपण रानात जिप्समचे थोडेफार काम हे गवत बिनपगारी करते.

पाणी मोजके असेल तेव्हा ते किती द्यावे यापेक्षा कोठे द्यावे हा प्रश्न मोठा. सरीत सोडलेले पाणी वरंब्यात झिरपत वर चढते आणि क्षार माथ्यावर नेऊन ठेवते. सबब कडवळाचे, म्हणजे वैरणीच्या ज्वारीचे, बी माथ्यावर न टोकता बगलेला, ओलीच्या रेषेजवळ टोकावे. ठिबकने क्षार ओल्या गोलाच्या कडेला ढकलले जातात, पण अवकाळीची एखादी भुरभुर झाली की तेच मुळांकडे परततात. म्हणून अशा वेळी ठिबक बंद न करता चालू ठेवायचे असते, हे सांगितले की ऐकणारा माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे असे बघतो. पाण्याअभावी खुजे राहिलेले कोवळे कडवळ मात्र जनावराला कदापि घालू नये, त्यात जीवघेणे विष असते. आणि खारी वैरण खाणारे जनावर पाणी जास्त पिते. शेतात वाचवलेल्या पाण्यातला काही वाटा हौदाकडे वळवावा लागतो, हे हिशेबात धरलेले मी फारसे पाहिले नाही.

हिशेब माझाही चुकला आहे. कोष्टके पाठ असताना मी घरच्या चार गुंठे खारवट तुकड्यात हौसेने लसूणघास पेरली होती. निम्मी उगवली नाही, उरलेली दुसऱ्या कापणीनंतर पिवळी पडली, आणि त्या जागी आपसूक आली ती बांधावरची हरळी.

अमेरिकेत ग्लेन बर्टन यांनी हरळीचाच 'कोस्टल' नावाचा संकरित वाण 1943 मध्ये प्रसृत केला, आणि तेथले शेतकरी त्याचे ठोंब लावून गवताची कुरणे करतात. आपण मजुरी मोजून ती खणून काढतो. चांगल्या बागायतीत ती खणावीच, तेथे ती शत्रूच आहे, आणि लावायची तर बांधाला खोल चर मारूनच. पण ज्यांच्या सातबाऱ्यावर क्षारपडीपायी पोटखराब लागले आहे, त्यांनी येत्या वैशाखात वीतभर आणि हातभर खोलीची माती वेगवेगळी तपासून घ्यावी, आणि मृगाच्या तोंडाशी एक गुंठाभर हरळीचे ठोंब लावून पाहावेत. लावणीचे ठोंब विकत आणावे लागत नाहीत. शेजारी आनंदाने गाडीभर देईल.