कोलांटउडी मारणारं हेलिकॉप्टर!

दोस्ता, एक गंमत सांगू? जगात असं एक हेलिकॉप्टर आहे, जे आकाशात चक्क कोलांटउडी मारतं! पंखा खाली, पाय वर! आणि लगेच सरळ होऊन, जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघून जातं.

त्याचं नाव बीओ 105. जर्मनीतल्या म्युनिक शहराजवळ, ओटोब्रुनला ते पहिल्यांदा उडालं. तारीख होती 16 फेब्रुवारी 1967. तसं आहे इवलंसं. पायलट धरून पाच जण बसले की हाउसफुल्ल!

मग त्याला ही कोलांटउडी जमते कशी? सगळी जादू डोक्यावरच्या पंख्यात आहे!

हेलिकॉप्टर पुढे जाताना पंख्याची पाती एका बाजूला पुढे येतात आणि दुसऱ्या बाजूला मागे जातात. पुढे येणाऱ्या पात्याला वारा जोरात लागतो, मागे जाणाऱ्याला कमी. म्हणजे एका बाजूला उचल जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. अशाने हेलिकॉप्टर कलंडेलच की! म्हणून पात्यांना थोडं वरखाली होऊ द्यावं लागतं. त्यासाठी जुन्या हेलिकॉप्टरांच्या पंख्याला चक्क बिजागऱ्या असायच्या.

बीओ 105 च्या पात्यांना मात्र अशी बिजागरीच नाही!

मग ती वरखाली होतात कशी? दप्तरातली प्लॅस्टिकची फूटपट्टी काढ बघू. तिचं एक टोक बाकावर घट्ट दाबून धर, दुसरं काठाबाहेर राहू दे. आता ते टिचकीने उडव. टर्रर्रर्र! बिजागरी दिसली कुठे? पट्टी स्वतःच वाकली! बीओ 105 ची चारही पाती अगदी अशीच लवतात.

आणि ती कशाची असतात, ओळख पाहू? काचेची! म्हणजे केसासारख्या बारीक काचतंतूंची, चिकट राळेत घट्ट बसवलेली. आपण त्याला फायबरग्लास म्हणतो. ही पाती सेकंदाला सातेक गिरक्या घेतात आणि तरी मोडत नाहीत!

पाती मधल्या टायटॅनियमच्या भागाला पक्की धरून असतात. त्यामुळे पंखा कलला की हेलिकॉप्टरचं अंगही लगेच वळतं. काही हेलिकॉप्टरांचं अंग झुलत्या पंख्याखाली नुसतं लोंबकळत असतं. उलटं व्हायची वेळ आली, की पंख्याचा धाकच संपतो! त्यांनी हा खेळ न खेळलेला बरा. चक ॲरन नावाचे अमेरिकन पायलट बीओ 105 घेऊन असे खेळ करून दाखवायचे. मी बसले नसते हं त्यांच्या शेजारी!

पण हे हेलिकॉप्टर काही फक्त सर्कशीचं नाही. त्याला इंजिनं आहेत दोन! त्या काळी एवढ्याशा हेलिकॉप्टरला दोन इंजिनं म्हणजे नवलच. एक बंद पडलं तरी दुसरं सांभाळून घेतं. ही दोन्ही इंजिनं बसवली आहेत माणसांच्या डोक्यावर, छतावर. त्यामुळे मागची जागा मोकळी! तिथे दोन झडपा उघडतात, आणि स्ट्रेचर सरळ आत सरकवता येतं. शेपूट उंचावर असल्यामुळे ते आड येत नाही. म्हणूनच 1970 मध्ये म्युनिकला रुग्णांसाठी जे हेलिकॉप्टर सुरू झालं, ते बीओ 105 होतं. त्याचं नाव क्रिस्टोफ 1.

आता खरी मज्जा ऐक! आपल्या भारतात बेंगळुरूला 'ध्रुव' हेलिकॉप्टर तयार झालं, तेव्हा आराखड्यासाठी सल्ला दिला होता बीओ 105 बनवणाऱ्या जर्मन कंपनीनेच! ध्रुव त्याच्याहून बराच मोठा. पण चार पाती, बिजागऱ्यांशिवायचा पंखा, दोन इंजिनं आणि मागे उघडणाऱ्या झडपा त्यालाही आहेत. हवाई दलाचं 'सारंग' पथक ध्रुव घेऊनच कसरती करतं. त्या हेलिकॉप्टरांच्या अंगावर मोर रंगवलेला असतो. कधी दिसलीच, तर मोर बघून झाल्यावर पाती मोज हं!