नांगरलेल्या नौकेचा दिवा

तिन्हीसांजेस देवापाशीं निरांजन व तुळशीपाशीं पणती लावावी, हा आपल्या घरांतील जुना परिपाठ आहे. ह्यांखेरीज आणखी एक दिवा आमचे वडील गांवाकडील घरीं न चुकतां लावीत. तो म्हणजे ओट्याच्या कोपऱ्यास टांगलेला कंदील. घरच्या कोणासही त्याचा उपयोग नव्हता. अंधारांत परक्या वाटसरूचा पाय आमच्या विहिरीच्या काठाकडे वळूं नये, एवढ्याचसाठीं तो होता. आज ज्या दिव्याविषयीं आम्ही लिहिणार आहों, तो ह्याच जातीचा आहे.

आमचें बिऱ्हाड सध्यां देवनारास आहे. देवनार म्हटलें कीं १९२७ सालापासून तेथें सांठत आलेला कचऱ्याचा डोंगर लोकांस आठवतो. परंतु त्याच्या पलीकडे ठाण्याची खाडी आहे, तिवरांची दाट राई आहे, आणि हिंवाळ्यांत तेथील चिखलावर हजारों रोहित पक्षी उतरतात. रात्रीं गच्चीवरून त्या बाजूस पाहिलें असतां दिव्यांचे असंख्य ठिपके दिसतात. त्यांतील पुलावरचे कोणते, किनाऱ्यावरचे कोणते व होड्यांवरचे कोणते, हें आम्हांस अद्यापि सांगतां येत नाहीं. ही अडचण केवळ गच्चीवरून पाहणाऱ्याची नव्हे, हें मात्र आम्हांस उशिरां समजलें.

कमांडर दिलीप दोंदे हे ऑगस्ट २००९ मध्यें 'म्हादेई' ह्या गोव्यांत बांधलेल्या शिडाच्या नौकेंतून मुंबईहून एकटेच निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मे २०१० मध्यें परतले. हा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय होत. अशा उदाहरणांनीं शिडाच्या नौकेचें वेड आतां आपल्या घरांतील मुलांतही शिरूं लागलें आहे. आमचा पुतण्या त्यांतलाच. तिघां मित्रांनीं मिळून ९ मीटर लांबीची एक जुनी नौका घेतली. ती रात्रीं कोठें नांगरावयाची असली कीं आमच्या मातोश्री विचारीत, "दिवा आहे ना रे नीट?" आणि तो हंसून म्हणे, "आजी, डोलकाठीच्या अगदीं टोकावर आहे!"

एका मार्गशीर्षांत, अमावास्येच्या सुमारास, हे तिघे मांडव्यापाशीं नांगर टाकून निजले होते. टोकावरचा दिवा जळत होता. उत्तररात्रीं एका मचव्याच्या इंजिनाचा आवाज एकाएकीं कानाशीं आला, कोणी ओरडलें, आणि मचवा हातभर अंतरावरून वळून गेला. तांडेल वयस्क होता. तो रागावला नाहीं. तो म्हणाला, "दिवा दिसला, पोरांनो, पण मला तो डोंगरावरच्या घराचा वाटला." दिवा होता, नियमाप्रमाणें होता, परंतु ज्याच्यासाठीं होता, त्याला तो ओळखूं आला नाहीं.

ह्या बाबतींतील आंतरराष्ट्रीय नियम १९७२ सालीं ठरले व १५ जुलै १९७७ पासून अंमलांत आले. नांगरलेल्या मोठ्या जहाजानें दोन पांढरे दिवे लावावे, पुढचा उंच व मागचा त्याहून खालीं. ५० मीटरांहून लहान नौकेस एकच पांढरा दिवा चालतो; मात्र तो चोहोंबाजूंनीं दिसावा आणि जेथून उत्तम दिसेल तेथें टांगावा. १२ मीटरांखालील नौकेचाही दिवा निदान २ सागरी मैल, म्हणजे सुमारें पावणेचार किलोमीटर, दिसला पाहिजे. तो सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत जळत राहावा. दिवसा त्याऐवजीं पुढच्या भागीं काळा गोळा चढवावा. ७ मीटरांखालील नौकेस सूट आहे. पण जेथें इतर नौकांची ये-जा असते तेथें ती सूट नाहीं. मुंबईच्या पाण्यांत अशी ये-जा नसलेली जागा शोधूनच काढावी लागेल.

"उत्तम दिसेल तेथें" ह्या शब्दांतच सारें मर्म आहे. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा दूरच्या जहाजास चांगला दिसतो. परंतु बारा मीटर उंचीवरचा तोच दिवा जवळ आलेल्या मचव्यावरील माणसाच्या डोक्यावरून जातो. त्याची नजर पाण्याच्या सपाटीवर असते. मागें शहराचे हजार दिवे असले म्हणजे तो त्यांत हरवतो. म्हणून पुढच्या दोरावर, तक्तपोशीपासून दोन-तीन मीटर उंच, डोलकाठीच्या आड येणार नाहीं असा दिवा टांगावा. भरती-ओहोटी पालटली कीं नौका नांगराभोंवतीं फिरते, तेव्हां तो सर्व बाजूंस दिसतो ना, हें आधीं पाहावें. तक्तपोशीही उजळून ठेवावी. नियम त्यास मोकळीक देतो, आणि उजळलेली नौका कोणी घर समजत नाहीं.

खर्चाची सबब आतां राहिली नाहीं. १० वॅटचा जुना तारेचा दिवा १२ व्होल्टच्या बॅटरीवर बारा तास जळला तर १० अँपिअर-तास खर्च होतात; २ वॅटच्या एलईडी दिव्यास दोनच पुरतात. बागेंतील शोभेचे सौर दिवे मात्र ह्या कामीं घेऊं नयेत. पहाटेपर्यंत ते मिणमिणूं लागतात. चालत्या नौकेचे तांबडे-हिरवे दिवे नांगरल्यावरही लावून ठेवणें ही तर चूक नव्हे, खोटी साक्षच आहे. पाहणारा समजतो कीं नौका चालली आहे, ती बाजूस होईल. लुकलुकणारा दिवाही असाच घोटाळा करतो.

पुतण्यानें आतां दुसरा दिवा खालीं टांगला आहे. तो टांगल्यावर तिघांपैकीं एकजण लहान होडींतून दूर जातो, पाण्याशीं डोळे नेऊन नौकेकडे पाहतो, आणि मग सारे निजतात. मातोश्रींनीं हें ऐकलें तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "तुझे आजोबाही कंदील लावून रस्त्यापर्यंत जाऊन पाहून येत असत." ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती.