मॉप घेताना आधी चाप बघा

दुकानात मॉप घ्यायला गेलेला माणूस आधी धागे चाचपतो. दाट आहेत का, शिवण पक्की आहे का, रंग जाईल का. मग दांडा उभा धरून उंचीचा अंदाज घेतो. या दोहोंच्या मधे जो चाप असतो त्याच्याकडे सहसा कोणी बघत नाही. घरी आणल्यावर चार महिन्यांनी कुरकुर सुरू होते ती मात्र त्या चापाचीच. झुबका निसटतो, दांडा जागच्या जागी गरगर फिरतो, नाहीतर खटका तुटून हातात येतो. जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेला असो की डोंबिवली स्टेशनाबाहेरच्या दुकानातून, दुखणं एकच.

आपल्याकडे या चापाची गरज तशी उशिरा पडली. शेणाने सारवलेल्या जमिनीला मॉप काय करायचा? ठाण्या-कल्याणच्या वाड्यांत आणि चाळींत शहाबादी फरशी आली तरी ती बसून, फडक्यानेच पुसली जायची. मोरी घासायला खराट्याचा बुडखा किंवा काथ्या. नंतर मोझेक आलं, त्याच्यामागून व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या आणि बाथरूममध्ये पाय घसरू नये म्हणून मुद्दाम खरखरीत केलेल्या टाइल्स बसल्या. हॉलची गुळगुळीत लादी पुसायची आणि बाथरूमची खरखरीत लादी घासायची, अशी दोन वेगळी कामं एकाच घरात आली. दांडा एकच ठेवून खालचं डोकं बदलता आलं तर बरं, असं वाटणं ओघानेच आलं.

अमेरिकेत हा विचार बराच आधी झाला होता. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या जेकब होव यांनी १८३७ साली मॉप धरणाऱ्या चापाचं पेटंट घेतलं. १८९३ मध्ये मिशिगनमधल्या कॅलॅमझूच्या थॉमस स्टुअर्ट या कृष्णवर्णीय संशोधकाने चापाला तरफेची जोड दिली. धागे चापात धरायचे आणि तरफ दाबून पिळायचे. आज बाजारात मिळणारे बहुतेक चाप याच दोन कल्पनांची नातवंडं आहेत.

सर्वांत साधा प्रकार तारेचा. लाकडाची किंवा लोखंडी पट्टीची आडवी दांडी, तिला इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली जाड तार आणि तार ओढून धरणारा स्क्रू. स्क्रूच्या नटाला दोन कान असतात, त्यामुळे पाना लागत नाही. दांडी आणि तार यांच्या मधे झुबक्याचा मधला पट्टा किंवा जुन्या टॉवेलची घडी बसवायची आणि नट आवळायचा. दिसायला गबाळा, पण जोर बघा. ६ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूवरचा असा नट बोटांनी बेताचा आवळला तरी आत चाळीसएक किलो वजनाइतका दाब तयार होतो. मळसूत्राची करामत ती हीच: बोटं एक पूर्ण फेरा फिरतात तेव्हा नट जेमतेम मिलिमीटरभर पुढे सरकतो. जास्त अंतरावर लावलेला थोडा जोर, थोड्या अंतरावर पुष्कळ जोर होऊन बाहेर पडतो. बराचसा घर्षणात वाया जातो हे खरं, पण त्याच घर्षणामुळे नट आपोआप उलटा फिरत नाही.

दुसरा प्रकार प्लॅस्टिकच्या जबड्यांचा. एक जबडा दांड्याला पक्का, दुसरा बिजागरीवर. दोन्हींच्या आतल्या बाजूला दाते. झुबका मधे ठेवायचा, जबडा मिटायचा, खटका बसल्याचा आवाज येतो. हा खटका उघडत कसा नाही, ते स्टीलच्या डब्यावरून चटकन कळतं. डब्याच्या बाजूला जो खटका असतो तो दाबताना मधे एका जागी सर्वांत जड जातो आणि ती जागा ओलांडली की स्वतःहून खाली बसतो. त्या जागी तरफ आणि कडी एका सरळ रेषेत येतात. रेषा ओलांडल्यावर झाकणाचा ताण खटक्याला उघडण्याऐवजी आणखी बंदच करतो. मॉपच्या चांगल्या चापातही हेच होतं: झुबका जितका ओढाल तितका खटका घट्ट बसतो. स्वस्तातल्या चापात मात्र रेषा ओलांडायची सोय नसते, फक्त एक लहानसं नाक खाचेत अडकवलेलं असतं. नाक झिजलं की संपलं. दुकानात उघडझाप करून बघितलं तर फरक हाताला कळतो. मधे जड लागून पुढे मोकळा पडणारा घ्यावा, नुसता टक वाजणारा घेऊ नये.

आता थोडं धाग्यांविषयी, कारण चापाचं आयुष्य त्यांच्यावर ठरतं. सुती धागा पाण्यात जाडीने फुगतो आणि वाळला की पुन्हा बारीक होतो. शिवाय वापराने तो दबत, चेपत जातो. म्हणजे चापाच्या तोंडातली वस्तू दररोज आकार बदलते. जबडे एका ठरावीक अंतरावर मिटून राहिले तर चेपलेल्या धाग्यांवरची पकड सुटणारच. चापाने धाग्यांच्या मागे-मागे जायला हवं. तारेच्या चापात तार थोडी लवते, त्यामुळे ती दाबत राहते. काही चापांत स्प्रिंग हेच काम करते. नुसत्या प्लॅस्टिकच्या जबड्यात मात्र उलटंच घडतं, कारण सतत ताणाखाली राहिलेलं प्लॅस्टिक हळूहळू सैलावतं. धागे चेपतात आणि जबडाही ढिला पडतो. माझं मत विचाराल तर घरच्या वापराला स्क्रूचा चाप अजूनही उजवा, कारण तो पुन्हा आवळता येतो. प्लॅस्टिकच्या खटक्याला आवळायला काही नसतंच.

बसवतानाही यावरून एक गोष्ट ठरते. नवा झुबका कोरडा असताना बसवावा. भिजला की तो फुगून चापात आणखी घट्ट होतो. ओला असताना बसवला तर वाळल्यावर सैल. पहिल्या आठवड्यानंतर स्क्रू एकदा परत आवळावा, मग बरेच दिवस बघावं लागत नाही.

प्लॅस्टिकचाच घ्यायचा असेल तर बिजागरीच्या भोकाजवळ निरखून बघा. वागळे इस्टेटमध्ये मोल्डिंगचं काम करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असतं: साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक भोकाच्या खिळीला दोन्ही बाजूंनी वळसा घालून पलीकडे एकत्र येतं आणि जिथे ते दोन प्रवाह भेटतात तिथे केसासारखी बारीक रेघ राहते. चीर पडते ती बहुतेक वेळा त्या रेघेवर. भोकाभोवती प्लॅस्टिक जाड ठेवलेलं असेल तर रेघेचं एवढं बिघडत नाही. कागदासारखं पातळ असेल तर दुकानदाराला परत द्यावं.

घासायच्या ब्रशाचं गणित निराळं आहे. मॉपचा चाप मुख्यतः ओढ सोसतो. अडीचशे ग्रॅमचा झुबका पाणी पिऊन सहज तिप्पट जड होतो, तेवढं वजन आणि लादीवरचा अटकाव, बस्स. ब्रश आपण दाबतो, ढकलतो आणि त्याचं टोक भिंतीला लागलं की तो पिरगळतो. समजा २० सेंटीमीटर लांब ब्रशाच्या टोकाला दोन किलोचा जोर लागला. चापाची पकड फक्त दोन सेंटीमीटर रुंद असेल तर तिच्या प्रत्येक कडेवर दहा किलो येतात. पकड सहा सेंटीमीटर रुंद असेल तर सव्वातीन. म्हणून मॉपचा अरुंद चाप ब्रशाला चालत नाही, आणि एकाच दांड्याला दोन्ही डोकी लावायची तर चाप ब्रशाच्या मापाने निवडावा लागतो. कपडे घासायचा साधा लाकडी ब्रश दोन्ही बाजूंनी पकडणारे पसरट चापही मिळतात. त्यांच्या पकडीत रबराची पट्टी आहे ना, एवढं बघावं. ओल्या लाकडावरून गुळगुळीत लोखंड सटकतं.

दांड्याचा कोनही इथे महत्त्वाचा. दांड्यातून दिलेल्या जोराचे दोन भाग होतात, एक ब्रश खाली दाबतो, दुसरा पुढे ढकलतो. दांडा जितका उभा, तितका दाबणारा भाग मोठा आणि ढकलणारा लहान. ओल्या टाइलचा अटकाव दाबाच्या निम्मा धरला, तर दांडा जमिनीशी साधारण ६३ अंशांपेक्षा उभा झाल्यावर कितीही जोर लावा, ब्रश जागचा हलत नाही. आखूड दांडा घेतलेल्या घरात हाच प्रसंग रोज घडतो. कंबर वाकवायची नाही म्हणून दांडा उभा धरला जातो, ब्रश अडतो आणि सगळा राग चापावर निघतो. १२० सेंटीमीटरचा दांडा ६० अंशांत धरला तर वरचं टोक जमिनीपासून १०४ सेंटीमीटरवर येतं, म्हणजे सव्वापाच फूट उंचीच्या व्यक्तीच्या साधारण कोपरापाशी. ९० सेंटीमीटरच्या दांड्याचं टोक त्याच कोनात ७८ वर राहतं. वाकणं आलंच.

मग लांब दांडा घ्यावा, तर तो संध्याकाळच्या कल्याण लोकलमधून आणायचा कसा? यावर तोडगा म्हणून तीन तुकड्यांचा दांडा निघाला. खोक्यात बसतो, पिशवीत मावतो. पण तीन तुकडे म्हणजे मधे दोन जादा सांधे, आणि ते फिरवून आवळायचे. मॉप आपण आठाच्या आकड्यासारखा फिरवतो, त्यात मनगट एकाच बाजूला जास्त वळलं की आटे सुटू लागतात. दुर्बिणीसारख्या आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्याची युक्ती जास्त चलाख आहे. आतल्या नळीच्या टोकाला मध्यापासून किंचित सरकवलेला प्लॅस्टिकचा गोल असतो. नळी फिरवली की तो बाहेरच्या नळीच्या भिंतीवर एका बाजूने रुतून बसतो. त्याचा शत्रू साबणाचं पाणी. ते आत गेलं की गोल घसरतो. अशा वेळी आणखी आवळत बसू नये, दांडा उघडून दोन्ही नळ्या कोरड्या पुसाव्यात.

गंजाचं कारण पाण्यापेक्षा ॲसिड जास्त. बाथरूमच्या टाइल्स पांढऱ्या करायला जे ॲसिड ओततात, ते लोखंडावरचा जस्ताचा मुलामा बघता बघता खाऊन टाकतं. स्क्रूचे आटे त्यातच जातात. स्टीलच्या नावाखाली विकलेल्या चापाला चुंबक लावून बघावा. घट्ट चिकटला तर ते बहुधा मुलामा दिलेलं लोखंडच. (चापाचा विषय सोडून एक: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.)

लादी पुसायला येणाऱ्या बहुतेक मावशींना मॉप आवडत नाही, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. झुबका जिथे चापात धरलेला असतो तो बारा-पंधरा सेंटीमीटरचा गठ्ठा कडक राहतो. पलंगाच्या पायाशी, दाराच्या मागे, कमोडच्या बगलेत तो शिरत नाही. धाग्यांची टोकं तेवढी पोचतात, पण त्यांच्यावर जोर नसतो. बसून फडक्याने पुसलं तर बोट थेट कोपऱ्यात जातं. गुडघे मात्र त्यांचे जातात. यावर मधला मार्ग म्हणजे तारेच्या चापात झुबक्याऐवजी टॉवेलची घडी धरायची, एक टोक चार बोटं बाहेर सोडून. ते टोक कोपऱ्यात शिरतं, पाण्याचा शटडाऊन असेल त्या दिवशी एका बादलीत पिळूनही निघतं, आणि फाटलं तर नवीन झुबक्याचे पैसे पडत नाहीत.

ठेवण्याची पद्धत बऱ्याच घरांत उलटी असते. धागे लवकर वाळावेत म्हणून मॉप डोकं वर करून कोपऱ्यात उभा करतात. त्यात धाग्यांतलं सगळं पाणी झिरपून चापात आणि तिथून लोखंडी दांड्याच्या पोकळीत उतरतं. बाहेरचा रंग शाबूत दिसतो आणि आतून नळी सडत जाते. पावसाळ्यात, जेव्हा बाल्कनीतलं काहीच धड वाळत नाही, तेव्हा तर जास्तच. दांड्याच्या वरच्या टोकाला जे भोक असतं ते खिळ्याला अडकवण्यासाठीच. डोकं खाली, जमिनीपासून वीतभर वर, आणि वरच्या टोकाचं प्लॅस्टिकचं बूच हरवलं असेल तर पाच-दहा रुपयांत नवीन मिळतं, ते बसवून टाकावं.