गडी तेच, जर्सी नवी

१७ मार्च २०२२ च्या रात्री इंडियानापोलिसमध्ये केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ हरला आणि अमेरिकेतल्या लाखो शौकिनांनी हौसेनं भरलेले अंदाजांचे तक्ते रद्दीत गेले. केंटकीकडे आठ राष्ट्रीय विजेतेपदं. हरवणारा संघ सेंट पीटर्सचा. जर्सी सिटीतलं हे जेमतेम दोन-तीन हजार विद्यार्थ्यांचं जेझुइट विद्यापीठ. जर्नल स्क्वेअरजवळच्या न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर पोहे-पापड घ्यायला येणाऱ्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींनाही हे कॉलेज तिथून फार लांब नाही, याचा पत्ता कदाचित त्या रात्रीच लागला असेल.

ही स्पर्धा म्हणजे 'मार्च मॅडनेस'. ६८ कॉलेज संघ, एक सामना हरला की घरी. अशा स्पर्धेत पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सनं केंटकीनंतर मरे स्टेटला आणि पर्ड्यूलाही हरवलं आणि शेवटच्या आठांत मजल मारली. त्या मानांकनाचा कोणताही संघ याआधी तिथवर पोहोचला नव्हता. डग एडर्ट हा बारीक मिशीवाला राखीव खेळाडू तर आठवड्याभरात घराघरांत पोहोचला, एका रेस्टॉरंट साखळीच्या जाहिरातीतही झळकला. शेवटी नॉर्थ कॅरोलिनानं त्यांना ६९-४९ असं सहज हरवलं.

त्यानंतर काही आठवड्यांत संघ पांगला. प्रशिक्षक शाहीन हॉलोवे आपल्या जुन्या कॉलेजात, सीटन हॉलमध्ये गेले. मागोमाग केसी एनडेफो तिथेच गेला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, एडर्ट ब्रायंटला.

कॉलेज बास्केटबॉलचा चाहता आज ज्या गोष्टीवर सर्वाधिक चिडतो, ती हीच. दरवर्षी नवे चेहरे, दरवर्षी नवा भाव, निष्ठा कुठेच नाही. तक्रार खोटी नाही, पण ती जरा उशिरा सुचलेली आहे. संघ सोडून जाणाऱ्या प्रशिक्षकाबद्दल इतका गळा कधी कुणी काढला नव्हता. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सर्वांत महागडा माणूस राज्यपाल नसतो, सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. मार्चच्या स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी दूरचित्रवाणी कंपन्यांनी २०१६ मध्ये नुसती आठ वर्षांची मुदतवाढ घेतली, ती ८८० कोटी डॉलरना. ज्यांचा खेळ विकला जात होता त्या मुलांना मात्र शिष्यवृत्तीपलीकडे पैसा घेण्याची बंदी होती.

ही बंदी किती बारकाईनं पाळली जाई, याचा नमुना बघण्यासारखा आहे. कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएच्या नियमपुस्तकात एकेकाळी खेळाडूंना नाश्त्याला बेगल देण्याची मुभा होती, पण त्यावर चीज वगैरे काही लावून देण्याची नव्हती. लावलं की तो नाश्ता उरत नसे, जेवण होई! २०१४ मध्ये कनेक्टिकटला विजेतेपद मिळवून देणारा शबाझ नेपियर पत्रकारांना म्हणाला होता, की कित्येक रात्री तो उपाशी झोपतो. त्यानंतर काही दिवसांतच खाण्याचे नियम सैल झाले.

पैशाचा बांध फुटायला कोर्टच लागलं. १९९५ मध्ये यूसीएलएकडून विजेतेपद जिंकलेल्या एड ओबॅननला पुढे एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखाच खेळाडू दिसला. उंची तीच, डावखुरेपण तेच, मोबदला शून्य. त्यानं २००९ मध्ये दावा ठोकला. त्याच वाटेवर पुढे, २०२१ च्या जूनमध्ये अ‍ॅल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं, ९-० असा निकाल एनसीएएविरुद्ध दिला, आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव, छबी आणि प्रसिद्धी विकून कमावण्याची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी आणखी एक नियम बदलला. पूर्वी कॉलेज बदललं की सहसा एक हंगाम बाहेर बसावं लागे, ती अट एका बदलीपुरती गेली आणि २०२४ मध्ये जवळपास पूर्णच संपली. २०२५ मध्ये 'हाऊस' खटल्यात तडजोड झाली, आणि कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे वाटण्याची मुभा मिळाली, २०२५-२६ साठी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत.

म्हणजे सेंट पीटर्सची गोष्ट पुन्हा घडणार नाही का? २०२५ च्या स्पर्धेत शेवटच्या सोळांमध्ये उरलेले सगळे संघ चार बड्या गटांमधले, म्हणजे कॉन्फरन्समधले होते. शेवटच्या चारांत चारही आपापल्या विभागातले अव्वल मानांकित. रडगाणं गायला एवढा पुरावा पुरेसा वाटतो.

पण त्या वर्षीचा विजेता, फ्लोरिडाचा संघ, नीट पाहिला की चित्र बदलतं. त्यांचा हुकमी खेळाडू वॉल्टर क्लेटन ज्युनियर आयोनाहून आलेला, म्हणजे सेंट पीटर्स ज्या छोट्या गटात खेळतं त्याच गटातून. अलिजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकचा. २०२३ मध्ये त्या अनपेक्षित संघासह तो शेवटच्या चारांत पोहोचला होता आणि दोन वर्षांनी दुसऱ्या जर्सीत पुन्हा तिथेच. विल रिचर्ड बेलमाँटमधून आलेला. ह्यूस्टनविरुद्धची अंतिम लढत त्यांनी ६५-६३ अशी जिंकली, तेव्हा मैदानावरची जिगर छोट्या कॉलेजांतच घडलेली होती. खेळाडूंचं यात काहीच बिघडलेलं नाही. नुकसान झालं ते आयोना आणि बेलमाँटचं, आणि त्यांना घडवण्याचा मोबदला देणारी कोणतीही व्यवस्था आज नाही. युरोपातल्या फुटबॉलमध्ये खेळाडू विकताना छोट्या क्लबाच्या हाती चार पैसे पडतात. इथे 'खूप खूप शुभेच्छा' एवढंच.

व्यावसायिक बास्केटबॉललाही याची झळ लागलीच. एनबीएच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीसाठी, कॉलेज पूर्ण होण्याआधीच नावं देणारे २०२१ मध्ये साडेतीनशेच्या वर होते. २०२५ मध्ये शंभराच्या किंचित वर. दुसऱ्या फेरीत निवड होऊन अनिश्चित करार घेण्यापेक्षा कॉलेजात आणखी एक वर्ष काढणं अनेकांना परवडू लागलं. महिलांमध्ये तर हे आधीच दिसलं होतं: कॅटलिन क्लार्कचा डब्ल्यूएनबीएमधला पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर होता, आणि आयोवा विद्यापीठात असताना जाहिरातींतून तिनं याच्या कैकपट कमावलं होतं.

निष्ठेचंच म्हणाल, तर ती मालकांनी तरी कुठे पाळली? लुका डॉन्चिचनं २०२४ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सला अंतिम फेरीत नेलं. आठ महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, संघानं त्याला परस्पर लेकर्सकडे धाडलं. त्यानं बदली मागितलेली नव्हती. प्रेक्षकांनी सरव्यवस्थापक निको हॅरिसनच्या हकालपट्टीच्या घोषणा दिल्या. पुढे केवळ १.८ टक्के शक्यता असताना ड्राफ्टच्या सोडतीत पहिला क्रमांक त्याच डॅलसला लागला आणि ड्यूकचा कूपर फ्लॅग त्यांना मिळाला. तरी नोव्हेंबरमध्ये हॅरिसनला जावंच लागलं.

फरक एवढाच, की डॉन्चिचच्या पाठीशी करार होता आणि खेळाडूंची संघटना होती. ती १९५४ पासून आहे; पगाराची मर्यादा, बदल्या, ड्राफ्टचं वय, सारं तिच्याशी वाटाघाटी करून ठरतं. कॉलेजच्या खेळाडूला कर्मचारी म्हणायलाच विद्यापीठं तयार नाहीत. त्यामुळे त्याला नोकरीचा पक्का करार नाही, आणि मध्येच वाऱ्यावर सोडलं तर दाद मागायला संघटनाही नाही. आपल्याच मुलांशी वाटाघाटीला बसण्याऐवजी एनसीएए सध्या वॉशिंग्टनमध्ये, काँग्रेसच्या दारात, खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा मागत उभी आहे.